याडीचे लेकरू

बोरी अरबच्या पलीकडे सडक सोडून नाल्याच्या काठाकाठाने गेले की धावजी नायकाचा तांडा लागे. तांड्याच्या मधोमध एक नारळ उभा होता. सभोवार कपाशीची पऱ्हाटी, तुरी, बाभळी, पळस. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून, परमुलखात वाट चुकलेल्या माणसासारखा, हा एकटा नारळ. तांड्यात मात्र त्याला कुणी नारळ म्हणत नसे. लहानथोर सगळे त्याला याडी म्हणत. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई.

धावजीच्या पणजाने ते झाड लावले होते. समुद्राकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून वऱ्हाडात आणणारी ही माणसे. पुढे आगगाडी आली, मीठ गाडीने येऊ लागले, आणि बैलांची ओझी जिथे शेवटची उतरली तिथे पणजाने किनाऱ्यावरून आणलेला एक नारळ पुरला. खड्ड्यात प्रत्येक घरचे मूठभर मीठ टाकले, म्हणजे त्याला आपला मुलूख आठवत राहील. तेव्हापासून तांड्याची नवरी सासरी निघाली की आधी याडीच्या गळ्यात पडून रडे आणि मग जन्मदात्या आईच्या.

याडीला पोर मात्र कधी झाले नाही. फळे धरत, वाढत, आणि चैत्राच्या झळा लागल्या की पिकण्याआधीच गळून पडत. पुरली तर कुजत. तीन पिढ्यांनी पुरून पाहिली होती.

नरहर त्या तांड्यात पहिल्यांदा गेला तो एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात. यवतमाळच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. घरात सगळ्यांची अक्षरे सुरेख आणि आवाज खालचे. नरहरचा आवाज त्या सगळ्यांहून खालचा. वर्गात त्याने हजेरी घेतली तर मागच्या बाकावरची मुले 'हजर' म्हणायची ती केवळ अंदाजाने. विद्यार्थ्यांना झाडपाला गोळा करायला नाल्याकाठी सोडून तो त्या नारळाच्या सावलीत टेकला होता, तेव्हा डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी त्याच्यासमोर येऊन थांबली. ती धावजीची बायको धनीबाई.

"मास्तर, याडीची सावली पायजे तं सरकत राहा लागन," ती म्हणाली. "इची सावली एका जाग्यावर नाई बसत. आमच्या बाप-आज्यावानी हाये. फिरती."

नरहर हसला आणि खरोखरच थोडा सरकला. म्हातारीला ते आवडले. तिने धावजीला हाक मारली. धावजी आला, पागोटे सावरत समोर बसला, आणि झाडाविषयी बोलणे निघाले. माणसांविषयी बोलताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटे तो नरहर झाडांविषयी बोलू लागला की निराळाच होई. एक अर्धेकच्चे फळ त्याने झाडावरून उतरवून फोडायला लावले. कवटीच्या मऊ डोळ्याखालून चाकूच्या टोकाने त्याने तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका अलगद काढला आणि तळहातावर ठेवला.

"हा तिचा जीव," तो म्हणाला.

"एवढासा?" धावजीने मान वाकवली.

"एवढासाच. जीव धड आहे. पण फळ लवकर गळतं, त्यामुळे आतली शिदोरी कच्ची राहते आणि कुजते. तिच्याबरोबर हाही मरतो. याला बाहेर काढून शिदोरी आपण दिली, तर कदाचित जगेल."

"काहाची शिदोरी?"

"याडीच्याच फळातलं पाणी. थोडी साखर, थोडे क्षार. काचेच्या नळीत, वारा लागू न देता."

धनीबाई पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजे सातव्या महिन्यात आलेलं लेकरू कापसात गुंडाळून ठेवते, तसं?"

"अगदी तसंच."

"आन् जगते थे?"

तेव्हा कुणाला कधीही कसलाही शब्द न देणारा नरहर बोलून गेला, "जगलं तर मी स्वतः आणून देईन तुम्हाला." बोलल्यावर त्याचे कान तापले. पण शब्द गेला होता, आणि तांड्याने तो झेलला होता.

*

पुढचे दीड वर्ष नरहर कॉलेजच्या मागच्या अंगाच्या एका खोलीत राहिला म्हटले तरी चालेल. पुढे काच आणि दोन अंगांना हात घालायची भोके असलेली लाकडी पेटी त्याने सुताराकडून करवून घेतली. तिच्यात स्पिरिटचा दिवा ठेवून, हात कोपरापर्यंत धुऊन, श्वास आवरून तो याडीच्या फळांतले कण एकेका नळीत घाली आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवी. कापूस यवतमाळात कमी नव्हता. कमी होती ती स्वच्छ हवा. जिनिंगची धूळ भिंतींतूनही शिरे. आज पांढरा दिसणारा कण उद्या बुरशीच्या राखाडी लोकरीत गुंडाळलेला असे. नळ्यांमागून नळ्या तो उकळत्या पाण्यात रिकाम्या करी, आणि ते करताना खोलीत कुणी नसले तरी त्याला ओशाळल्यासारखे होई. जणू कुणाच्या घरी जेवायला बसून ताटात टाकून उठतो आहे.

विभागाचे प्रमुख दीनानाथराव त्याला हसत. नरहर त्यांचाच विद्यार्थी. "नरहरपंत, नारळाचं पाणी आजाऱ्याला पाजतात एवढंच आमच्या पिढीला ठाऊक. तुम्ही नारळालाच नारळाचं पाणी पाजता!" हसत, पण स्पिरिट, साखर, नळीतले पाणी थिजवणारी अगर-पूड, जे लागे ते सगळे मागवून देत. माणूस उदार होता. नरहरच्या मनात त्यांच्याविषयी जी भीती होती ती कधी न रागावणाऱ्या माणसाची वाटते तशी होती.

त्रेसष्टच्या जेठात वीज पडून याडीचा शेंडा जळाला. नारळाला शेंडा एकच. तो गेला की झाड उभ्याने मरते. धावजी ही बातमी सांगायला स्वतः यवतमाळला आला. खोलीच्या दाराबाहेर त्याने पायांवर पाणी घेतले, पागोटे काखेत मारले, आणि आत येऊन नळ्यांच्या रांगेसमोर उभा राहिला. रांगेत तेव्हा एकाच नळीत हिरवे होते. तांदळाच्या कणीतून बोटाएवढे, बाणासारखे टोकदार एक पान वर आलेले, आणि खाली दोन मुळे, दुधाच्या दातांसारखी.

"याडी गेली, मास्तर," धावजी म्हणाला, आणि नळीकडे पाहत राहिला. "आता हेच."

"पुढच्या वर्षी श्रावणात, तुमच्या तीजेपर्यंत मातीत लावण्याजोगं होईल," नरहर म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचे होते. जमले नाही.

"याच्याशी बोलतं का नाई तू?"

"मी?"

"मुक्या खोलीत मुकं लेकरू कसं वाढन?" धावजीने नळीजवळ तोंड नेले, पण काचेवर वाफ धरेल म्हणून हात आडवा धरला, आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटला. जाताना दारातून म्हणाला, "धनी इचारत होती, मास्तर वाळला का म्हून. जेवत जाय."

त्यानंतर नरहर खोलीत एकटा असला की रोपाशी बोलू लागला. बोलण्याजोगे फारसे काही नसे. आज ऊन आहे. आज बाजार होता. धावजी येऊन गेला.

*

चौसष्टच्या उन्हाळ्याअखेर रोप वीतभर झाले. मोठ्या नळीतही मावेना. आणि त्याच सुमारास नागपूरला विज्ञानाचे एक अधिवेशन भरायचे ठरले.

"नरहर, हे न्यायचं," दीनानाथराव म्हणाले. त्यांचा चेहरा मुलाचे लग्न ठरलेल्या बापासारखा फुलला होता. "कच्च्या फळातल्या गर्भापासून नारळाचं रोप, आणि तेही यवतमाळात! समुद्राकाठचे लोक तोंडात बोटं घालतील."

"प्रवासात जगेल का, सर?"

"जिवंत कशाला न्यायचं? आज जिवंत आहे, उद्या बोळा ढिला झाला की बुरशी. स्पिरिटात घाल. शंभर वर्षं राहील. आपण दोघं नसू, पण हे असेल."

वनस्पतिशास्त्राच्या माणसाला यात वावगे काही दिसत नाही. रोपाला जपायचे म्हणजे दाबून वाळवायचे, नाही तर स्पिरिटात बुडवायचे. कपाटेच्या कपाटे अशा जपणुकीने भरलेली असतात. नरहरनेच किती फुले, किती शेंगा तशा जपल्या होत्या. 'सर, हे त्यांचं आहे,' एवढेच त्याला म्हणायचे होते. ते वाक्य त्याने घरून येताना रस्त्यात जुळवले, जिन्यावर पुन्हा म्हणून पाहिले. दीनानाथराव समोर आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते वाक्य त्याच्या घशात, एखादे बी दगडाखाली राहावे तसे राहिले.

स्पिरिट त्याने स्वतःच ओतले. उंच बरणी निवडली. रोप पाण्याने धुतले, मुळांना चिकटलेली अगर मऊ कुंचल्याने काढली, काचेच्या पट्टीला पांढऱ्या दोऱ्याने बांधले आणि हळूच खाली सोडले. पान एकदा वर तरंगू पाहत होते. त्याने ते चिमट्याने सारखे केले. खरी गोष्ट अशी होती की त्या घटकेला त्याला वाईट वाटलेच नाही. रोप बरणीत फार सुंदर दिसत होते, आणि बांधणी किती नेटकी जमली हे तो मान तिरपी करून पाहत होता. पुढे कित्येक दिवस त्याला सतावले ते हेच. भित्रेपणाला निदान काही निमित्त सांगता आले असते. त्या पाहण्याला काय निमित्त होते?

नागपूरला लोक बरणीशी वाकले. कुणीतरी त्याचे नाव विचारले आणि पुन्हा उच्चारले. तो दिवसभर आनंदात होता. परतल्यावर चार दिवसांनी कपाट उघडले तेव्हा पान पांढरे पडले होते. त्याचा सारा हिरवा रंग स्पिरिटात उतरला होता. ते फिकट हिरवे पाणी पाहिल्यावर मात्र त्याने कपाट झटकन लावून घेतले.

"तांड्यावाल्यांचं तुझ्या मनात आहे," दीनानाथराव एकदा आपण होऊन म्हणाले. त्यांना सगळे कळत होते. नागपूरच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी पदरमोड करून एक चांगले दणकट नारळाचे रोप आणून व्हरांड्यात ठेवले होते. "हे दे त्यांना. नारळ तो नारळ. फळं धरायला सात-आठ वर्षं. तोवर त्यांचं समाधान, आणि आपल्याकडून उपकार."

नरहरने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते, आणि अशा वेळी जग त्याचा अर्थ होकारच लावते.

*

तीज म्हणजे तांड्याच्या कुवार पोरींचा सण. श्रावणात त्या टोपल्यांत काळी माती भरून गहू पेरतात, उपास करून, गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात, आणि वीतभर पिवळेहिरवे अंकुर आले की शेवटच्या दिवशी ते खुडून भावांच्या, वडीलधाऱ्यांच्या पागोट्यांत खोवतात. त्या शेवटच्या दिवशीच याडीचे लेकरू मातीत ठेवायचे, असे ठरले होते.

सकाळच्या एस. टी.ने धावजी, धनीबाई आणि त्यांची नात गंगी अशी तिघे कॉलेजात आली. धनीबाईने आरशांची नवी फेटिया नेसली होती. व्हरांडाभर तिच्या घागऱ्याचे कवडसे फिरत होते. व्हरांड्यातले रोप पाहून ती जागीच थबकली.

"अय् माय! हे एवढं झालं?" तिने कुंडीसमोर बसून पानांवरून बोटे फिरवली. "चांगलं खाल्लं-प्यालं दिसते. मास्तर, तू आपलं जेवण यालेच देत होता का रे? म्हून तू असा काडीवानी!"

गंगी खुदकन हसली. दीनानाथराव दारात उभे होते, तेही हसले. नरहर रोपाकडे न पाहता कुंडीच्या काठाकडे पाहत राहिला.

"चल," धावजी त्याला म्हणाला. "तूच ठेवशीन खड्ड्यात. तुह्याच हातचं हाये."

एस. टी.त कंडक्टरने कुंडीवर पेन्सिल आपटली. "बाई, याचं अर्धं तिकीट घ्या लागन."

"मांडीवरल्या लेकराले तिकीट काहाचं रे?" धनीबाई कडाडली. "तुह्या मायनं तुह्यं काढलं होतं का?" सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसत पुढे गेला. नरहर खिडकीबाहेर पाहत होता. लोहारा मागे पडला, पऱ्हाटीची हिरवी शेते लागली, आणि दर खेपेला धनीबाईने पदराने रोपावर वारा घातला की त्याला आपलाच श्वास चोरून घ्यावासा वाटे.

बोरी अरबला फाट्यावर शिंगांना लाल कापड बांधलेला एक बैल उभा होता. पणजाच्या वेळेसारखेच लेकराने बैलाच्या पाठीवरून यावे, ही धावजीची हौस. कुंडी गोणीत बसवून लादली. तांड्यापर्यंत बाया गात चालल्या. नरहर मागे राहिला की धावजी थांबे. "दमला का?" तो विचारी. नरहर मान हलवी.

याडीचे जळके खोड कापून नेले होते. बुंध्याशेजारी ताजा खड्डा खणलेला. बाया एकेक येऊन त्यात मूठ उघडत होत्या. मीठ. प्रत्येक घरचे मीठ. खड्ड्याचा तळ पांढरा झाला. गंगीने आपल्या टोपलीतले अंकुर खुडले आणि सगळ्यांच्या आधी नरहरच्या समोर उभी राहिली. त्याला पागोटे नव्हते. ती क्षणभर अडली. मग तिने ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात खोवले. "हा बी भाऊच," मागून कुणी म्हटले.

धावजीने कुंडी फोडली, मुळांचा गोळा दोन्ही हातांनी उचलून नरहरपुढे धरला. "ठेव."

नरहरने हात पुढे केले. सात-आठ वर्षे कुणाला काही कळले नसते. कदाचित कधीच कळले नसते. नारळ तो नारळ. खिशातल्या अंकुरांचा ओलसर कच्चा वास त्याच्या नाकाशी आला. तसाच वास पहिल्यांदा नळीचा बोळा काढला तेव्हा आला होता.

"हे याडीचं नाही," तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका खाली होता की कुणालाच ऐकू गेला नाही. धनीबाई म्हणाली, "काय म्हन्ते मास्तर?"

"हे याडीचं नाही!" आता तो ओरडला, आणि ओरडण्याची सवय नसल्याने आवाज मध्येच फाटला. "हे नागपूरहून आणलेलं आहे. तुमचं... तुमचं मी मारलं. स्पिरिटात घातलं. दाखवायला. मला 'नाही' म्हणता आलं नाही. आणि नंतर... नंतर मला ते आवडलंसुद्धा."

गाणे थांबले. बैलाने मान हलवली तशी गळ्यातली घंटा वाजली. धावजी ते परके रोप तसेच दोन्ही हातांत धरून उभा होता.

"मेलं?" धनीबाईने विचारले.

"हो."

"कवा?"

"आखाडात."

"आन् तू आज सांगते." ती ओरडली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिले, आणि नरहरला वाटले, तिने थोबाडीत मारली असती तर किती बरे झाले असते. मागून एक तरणा गडी पुढे सरसावून म्हणाला, "बापू, याले आपल्या तीजेचे गहू कायले देल्ले? काढ म्हना." धावजीने नुसती मान वळवली, तसा तो गडी मागे सरला.

"आता कुठं हाये थे?" धावजीने विचारले.

"बरणीत. कॉलेजच्या कपाटात."

"उभं?"

नरहरला प्रश्न कळला नाही.

"उभं ठेवलं का निजवलं?"

"उभं. बांधून."

धावजीचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "आखाडापासून उभं ठेवलं लेकराले!" तो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला. मग खड्ड्याकडे पाहून म्हणाला, "ज्याचं लगीन नाई झालं त्याले आमी जाळत नाई, मास्तर. मातीत ठेवतो. मीठ टाकून. मीठ तं पडलंच हाये. उद्या घेऊन ये."

"आन् याचं काय?" कुणी त्या परक्या रोपाकडे बोट दाखवले.

"त्याचा काय गुन्हा?" धनीबाई एकदम फणकारली. "दारात आलेला पाहुना हाये. मुळं उघडी पडली त्याची, दिसत नाई का? खना तिकडं, इहिरीजवळ. आन् चिमूटभर मीठ त्याले बी टाका."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथराव आपल्या खोलीत चहा घेत होते. नरहर दारात उभा राहिला.

"सर, ती बरणी मला हवी आहे."

"कशाला?"

"तांड्यात न्यायची. ते पुरणार आहेत."

दीनानाथरावांनी कप खाली ठेवला. "पुरून काय होणार, नरहर? ते उगवणार थोडंच आहे?"

"काही होणार नाही, सर."

"मग? दोन वर्षांचं काम आहे तुझं. तेवढा एकच पुरावा आहे आपल्याकडे."

"ते त्यांचं आहे, सर."

इतके दिवस दगडाखाली राहिलेले वाक्य हेच. आता ते बाहेर आले तेव्हा त्याला काही मोठे केल्यासारखे वाटले नाही. मेलेले फूल कुणी उशिरा उमलवून दाखवावे, तसे ते निरुपयोगी वाटले. दीनानाथराव खिडकीतून बाहेर पाहू लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "त्या कपाटाला कुलूप नसतं. तुला ठाऊकच आहे."

बरणी मांडीवर घेऊन तो एस. टी.त बसला. कालचाच कंडक्टर होता. बरणीतला पांढरा जीव पाहून तो काही विनोद करणार होता, पण नरहरच्या तोंडाकडे पाहून त्याने तिकीट फाडले आणि पुढे गेला.

तांड्यात आज गाणे नव्हते. धनीबाईने बरणी हातात घेतली, झाकण उघडले, आणि वासाने मान बाजूला वळवली. "इस्पिरट पाजलं," ती पुटपुटली. हिरवट स्पिरिट तिने दूर, बांधापलीकडे ओतले. रोप ओंजळीत घेतले. दोऱ्याच्या गाठी फार नेटक्या, फार घट्ट होत्या. तिच्या म्हाताऱ्या बोटांना त्या सुटेनात. त्या सोडवायला तिने त्याच्यापुढे धरल्या. ज्या बांधणीकडे तो मान तिरपी करून पाहत राहिला होता, तीच त्याला सगळ्यांसमोर, एकेक गाठ, सोडावी लागली. मग तिने रोपावर कोमट पाणी घातले, अंगाखालून हात देऊन, तान्ह्याला घालतात तसे.

"तूच ठेव," धावजी म्हणाला. "शब्द तुहा होता. आणून देईन म्हनलं होतं."

नरहर खड्ड्यात उतरला. मिठावर त्याने ते आडवे ठेवले. पान वळून मुळांवर येत होते. ते सारखे करायला त्याचा हात पुढे झाला आणि थांबला. तो तसाच वर आला. सगळ्यांनी माती लोटली. कुणी त्याला काही बोलले नाही. धनीबाईने भाकर दिली, ती त्याने खाल्ली. धावजीने विहिरीजवळचे नागपुरी रोप दाखवले, "पाहुना तगन म्हन्तो मी," तेही त्याने पाहिले. कुणीतरी रागावेल, निदान विचारेल, म्हणून तो संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबला. पण त्यांच्या दृष्टीने जे करायचे ते झाले होते, आणि आता तो फक्त घरी जायचा राहिलेला एक पाहुणा होता.

निघताना धनीबाईने बरणी आणून दिली. घासून लख्ख केलेली. तिच्यात ओली काळी माती होती आणि मातीत तीजेच्या टोपलीतले, खुडायचे राहिलेले गव्हाचे अंकुर, मुळांसकट.

"आमच्यात कोनाचं भांडं रिकामं नाई पाठवत," ती म्हणाली. झाकण तिने वेगळे, त्याच्या दुसऱ्या हातात दिले.

गाडीत गर्दी होती. फाट्याफाट्यावर माणसे चढत होती, आणि प्रत्येक धक्क्याला बरणीतली पाती हलत होती. कुणी तरी म्हणाले, "भाऊ, झाकण लावा ना, माती सांडून राह्यली." नरहरने झाकणाकडे पाहिले. मग ते त्याने पिशवीच्या तळाशी ठेवले आणि बरणीच्या तोंडाभोवती आपला तळहात आडवा धरला, वारा लागू नये इतकाच, काचेला न टेकवता. यवतमाळ येईपर्यंत तो हात त्याने खाली घेतला नाही; आणि त्या सबंध वाटेत, समोरच्या बाकावरच्या कुणाच्याही डोळ्याला डोळा देणे त्याला जमले नाही.